मोरीचं पाणी कुठं अडतं?

(जालना जिल्ह्यातील एका गावच्या महिला बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय सांगितला तेव्हा मागच्या दोघीतिघी हसल्या. मोरी तुंबली म्हणून काय भाषण करायचं? हसा खुशाल. पण तुंबलेल्या मोरीचा त्रास कोणाला होतो, ते आधी सांगा. घरातला पुरुष दोन तांबे अंगावर घेऊन निघून जातो. धुणं, भांडी, लेकरांच्या आंघोळी यांत बाईचा अर्धा दिवस तिथंच जातो. पाणी निघालं नाही तर त्या घाण पाण्यात उकिडवी तीच बसते, पायाला चिखल्या तिलाच होतात, आणि वर बोलणीही तिलाच: "भाताची शितं टाकली असतील हिनं!"

माझ्या सासरचं घर जुनं, माळवदाचं. मोरीला शहाबादी फरशी, भिंतीतून भोक, बाहेर दगडी नाली, ती बोळातून रस्त्याच्या नालीला मिळते. दोन वर्षं पाणी रेंगाळत होतं. मी जावेशी भांडले, शेजारणीशी भांडले. मालकांनी अॅसिडची बाटली आणून ओतली. डोळे झोंबले, खोकला लागला, पण पाणी होतं तिथंच. शहाबादी हा चुनखडीचा दगड. अॅसिड त्याला खातं, सांध्यातला चुनाही खातं. मोरी निघाली नाहीच, फरशी मात्र खडबडीत झाली. आणि एक लक्षात ठेवा: अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी एक दिवस मी नीट बघायचं ठरवलं. मोरीत बादलीभर पाणी एकदम ओतलं आणि बाहेर येऊन नालीच्या कडेनं चालत गेले. पाणी जिथं थांबून फुगतं, त्याच्या पुढं अडथळा. एवढी साधी गोष्ट, दोन वर्षांत कोणी केली नव्हती.

साफ करताना सुरुवात खालच्या टोकाकडून करा. वरून ढकललं तर गाळ पुढं जाऊन जास्तच घट्ट बसतो. खुरप्यानं, फावड्यानं गाळ काढा. भिंतीतल्या भोकात बांबूची लांब कामटी सरकवा, मागंपुढं करा, मग पाणी सोडा. हाताला रबरी मोजे, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आत जातो. आमच्या नालीतून काय निघालं? भांडी घासायची राख आणि माती, केसांचे गुंते, गोठलेलं तेल, शाम्पूच्या पुड्या, आणि दगडांच्या सांध्यातून आत शिरलेली पिंपळाची मुळं. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, तव्याचं तेल आधी राखेनं पुसून उकिरड्यावर टाकायला लागलो, तशी राख नालीत जायची थांबली.

तरीही पाणी पुरतं निघेना. मग गवंड्याची पारदर्शक नळी आणून पाणपातळी धरली. नालीला साधारण दहा फुटांना दोन इंच उतार हवा. आमच्या नालीचा उतार उलटा निघाला! कारण रस्ता. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकला. रस्ता वर आला, त्याच्याबरोबर त्याची नालीही वर आली, घर तिथंच राहिलं. मी ज्या शितांवरून बोलणी खाल्ली, ती खरी रस्त्याच्या अंदाजपत्रकातली चूक होती. हा रस्ता ठरवताना घरातल्या एकाही बाईला कोणी विचारलं होतं का?

आता दुसरी गोष्ट. नाली मी उपसत होते तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, हे आपलं काम आहे का?" मग कोणाचं? घरातली घाण बाईनं काढायची आणि उंबऱ्याबाहेरची घाण ठरावीक जातीच्या माणसानं, ही वाटणी एकाच व्यवस्थेनं केली आहे. आपल्या मोरीचा गाळ आपण काढायला लाज कसली? आणि 'आपण' म्हणजे फक्त बायका नव्हेत. दर रविवारी आमच्या घरी फावडं आता मालकांच्या हातात असतं.

मात्र संडासाची टाकी वेगळी. तिच्यात उतरायचं नाही आणि कोणाला उतरवायचंही नाही. आतला वायू दिसत नाही, माणूस क्षणात कोसळतो, वाचवायला उतरलेलाही जातो. मैला हातानं साफ करायला लावणं १९९३ च्या कायद्यानं बंद केलं. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत वा गटारात उतरवणंही गुन्हा ठरवलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पैशानं कोणाचं कुंकू, कोणाचा लेक परत येत नाही. टाकी यंत्रानंच उपसून घ्या, आणि संडासाचं पाणी उघड्या नालीत सोडू नका.

२०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यानं टँकरमागं धावून काढलेले दिवस आठवा. त्याच पाण्याचं सांडपाणी आपण डासांना देतो. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन नाव कमावलं. आपणही घेऊ शकतो. फक्त आपली काळी जमीन पाणी लवकर पीत नाही, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्या, आणि विहीर-बोअरपासून किमान पन्नास फूट लांब ठेवा.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं नाल्या बांधणं, साफ ठेवणं हे पंचायतीच्या कामांत घातलेलं आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिथं एवढाच ठराव मांडू: जुना थर खोदल्याशिवाय नवा रस्ता नको, आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक मोरीची पातळी मोजा.

उद्या सकाळी प्रत्येकीनं एक बादली पाणी ओतावं आणि त्याच्यामागं चालत जावं. कुठं अडतं ते बघावं. पुढच्या बैठकीत सगळ्याजणींच्या अडलेल्या जागा एका कागदावर काढू, आणि तोच कागद महिला सभेत ठेवू.