राख पडायच्या आधी

२३ नोव्हेंबर २०२५ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी उफाळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या राखेचा ढग भारतावर आला. तो खूप उंचावरून गेला. विमानांची उड्डाणं रद्द झाली, पण आपल्या अंगणात काही पडलं नाही. जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमा शहरात मात्र राख थेट अंगणातच पडते, वर्षातून कितीतरी वेळा. जेमतेम चार किलोमीटरवर, खाडीपलीकडे, साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी उभा आहे. जवळपास सहा लाख वस्तीचं हे शहर त्याच्यासमोर नांदतं. ते कसं नांदतं, हे प्रत्येक घराने समजून घेण्यासारखं आहे.

डोंगरावरचा वारा कुठल्या दिशेला वाहणार, हे तिथे हवामानाच्या बातम्यांत सांगतात. उन्हाळ्यात तो शहराकडे वळतो. मग कपडे घरात वाळत घालायचे, खिडक्या लावून घ्यायच्या. तिथल्या कबरींवरसुद्धा छपरं बांधलेली दिसतात. महापालिका घरांना पिवळ्या पिशव्या फुकट देते. दारातली राख झाडून त्यांत भरायची आणि ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची. तिथून ती उचलली जाते. मला विचाराल, तर सगळ्या तयारीत ही पिशवी सर्वांत मोलाची. कारण छपरावरची राख गटारात ढकलली, तर ती तिथेच बसते आणि पावसात गटार तुंबतं.

ही राख म्हणजे दगडाचा आणि काचेचा चुरा. चुलीतल्या राखेसारखी ती मऊ नसते, पाण्यात विरघळतही नाही. घाण दिसली की बादलीभर पाणी ओतायची आपली सवय इथे घात करते. भिजली की राख कमालीची जड होते. दहा सेंटीमीटरचा ओला थर एका चौरस मीटरवर शंभर किलोंच्या वर भरू शकतो. १५ जून १९९१ला फिलिपिन्समध्ये पिनातुबोचा मोठा उद्रेक आणि वादळी पाऊस एकाच दिवशी आले. राख भिजली, छपरं कोसळली, आणि त्या उद्रेकात दगावलेल्यांपैकी बहुतेक जण त्या छपरांखालीच सापडले.

म्हणून तयारी आधी हवी. पिण्याचं पाणी काही दिवस पुरेल इतकं भरून घट्ट झाकून ठेवायचं. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत घेत असाल, तर तो पाइप राख पडायच्या आधीच सोडवायचा. ओल्या राखेतून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांच्या चिनी मातीच्या चिमण्यांवर, म्हणजे इन्सुलेटरवर, ती साचली की वीजपुरवठा बंद पडतो. टॉर्च आणि बॅटरीवरचा रेडिओ हाताशी असू द्या. एन-९५ मास्क घरात प्रत्येकासाठी हवा. राख पडत असताना एसी बंद, दारांच्या फटींत ओले टॉवेल, कॉम्प्युटरवर प्लॅस्टिक. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावायचा, नाहीतर बुबुळाला ओरखडे पडतात. गाडीच्या काचेवरही तेच होतं, तेव्हा कोरड्या राखेवर वायपर फिरवू नका.

सफाईला लागताना दम्याचा त्रास असलेली माणसं आणि मुलं आत राहू द्या. राख उडणार नाही इतपतच पाणी शिंपडायचं, मग झाडून गोळा करायची. पिशवी अर्धीच भरा, नाहीतर उचलवत नाही. पाऊस येणार असं सांगितलं असेल, तर अंगण राहू दे, आधी छप्पर. पण थर जाड झाला असेल, तर छपरावर चढायचं नाही. शिडी धरायला खाली दुसरं माणूस हवंच, कारण राखेवरून पाय सटकतो. शेजारी कुणी वयस्कर माणूस एकटं राहत असेल, तर त्याच फेरीत त्यांचंही छप्पर झाडून घ्या.