एका मिनिटाचा धडा

आजारी मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही. आई सांगते ते आणि डॉक्टर पाहतो ते, एवढ्यावरच सारा निवाडा करावा लागतो. हा निवाडा शिकवावयाचा कसा?

मी डॉक्टर नव्हे. शासकीय सेवेतील मनुष्य. कामानिमित्त एका रुग्णालयात गेलो असता बालरोग विभागातील निवासी डॉक्टरांचा वर्ग पाहण्याचा योग आला. अध्यापकांनी व्याख्यान दिले नाही. फळ्यावर एवढेच लिहिले : आठ महिन्यांचे मूल, दोन दिवस खोकला, थोडा ताप. मग विचारले, "आता काय कराल?"

एका तरुणाने खोकल्याचे औषध सुचविले.

"श्वास मोजलात?"

वर्ग स्तब्ध झाला. मूल शांत असताना पुरे एक मिनिट मोजले तर श्वास 54 भरतात, असे अध्यापकांनी सांगितले. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलात ही संख्या 50 वर गेली की श्वास जलद मानतात. जोडीला खोकला असेल तर न्यूमोनियाचे उपचार करावयाचे. मूल दूध पिते का, छाती आत ओढली जाते का, झटके आले होते का, हे प्रश्न मग विद्यार्थ्यांनीच विचारले.

"समजा, हेच मूल एक महिन्याचे आहे. मग?"

त्या वयात मर्यादा 60 ची. आकडा तोच, अर्थ निराळा. तरीही निश्चिंत होता येत नाही, कारण इतक्या कोवळ्या जीवाने दूध सोडणे हीच मोठी धोक्याची खूण असते.

ही पद्धत जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठात लँगडेल यांनी 1870 पासून खटल्यांच्या आधारे कायदा शिकविला. 1900 मध्ये तेथेच वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन यांनी ती रीत वैद्यकासाठी सुचविली.

मला माझे कार्यालय आठवले. आमच्यापुढे फाईल येते ती खालच्यांच्या टिपणांसह, सावकाश. आमची चूक पुष्कळदा दुसऱ्या आदेशाने दुरुस्त होते. या तरुणांना ती सवलत नाही. म्हणूनच मान खाली घातलेल्या त्या विद्यार्थ्याला अध्यापक म्हणाले, "ही चूक फळ्यापुढे झाली, हे बरे झाले."

अर्थात फळ्यावरचे मूल रडत नाही, हातपाय झाडत नाही. शेवटची परीक्षा खाटेपाशीच. परतताना वॉर्डावरून गेलो, तेव्हा तोच तरुण मला दिसला. आईच्या मांडीवर मूल शांत होण्याची तो वाट पाहत होता. मग हातातल्या घड्याळाकडे पाहत त्याने मोजावयास प्रारंभ केला, आणि मिनिट पुरे होईतो मान वर केली नाही.