युद्धकाळात मूक उभे राहणारे लोक
(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आज ज्या लोकांविषयी मी आपणांपुढे बोलणार आहे ते बौद्ध नाहीत. ते ख्रिस्ती आहेत. परंतु मूळच्या रीतीप्रमाणे त्यांच्यात पुरोहित नाही, बाप्तिस्मा नाही, वेदी नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून हा पंथ निघाला. ते स्वतःस ‘मित्र-समाज’ म्हणवितात. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवले व तेच रूढ झाले. दुसऱ्याने ठेवलेले नाव वागविणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. त्यांची प्रार्थना म्हणजे एकत्र बसून पाळलेले मौन. ज्यास आतून बोलावेसे वाटेल तो, स्त्री असो वा पुरुष, उठून चार शब्द बोलतो.

जानेवारी १६६१ मध्ये त्यांनी राजा दुसरा चार्ल्स यास लेखी कळविले की, कोणत्याही राज्यासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही. त्यांच्यातही पुढे सैन्यात गेलेले लोक निघाले. परंतु समाज म्हणून तो शब्द त्यांनी मागे घेतलेला नाही.

त्यांचा १६७० सालचा खटला प्रत्येक वकिलास ठाऊक असावा. लंडनमधील ग्रेसचर्च स्ट्रीटवरील त्यांच्या प्रार्थनागृहात जाण्यास सैनिकांनी मज्जाव केला, तेव्हा विल्यम पेन रस्त्यावरच उभा राहून बोलू लागला. बेकायदा जमाव जमविल्याचा आरोप आला. ज्यूरीने त्यास दोषी ठरविण्याचे नाकारले. न्यायासनाने ज्यूरीलाच अन्नपाण्यावाचून दोन रात्री कोंडले आणि वर दंड केला. दंड न भरता तुरुंगात गेलेला एडवर्ड बुशेल वरिष्ठ न्यायालयात गेला, व निर्णयाबद्दल ज्यूरीस शिक्षा करता येत नाही हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. रस्त्यावरील एका प्रार्थनेने इंग्लंडच्या कायद्यास एवढे दिले.

युद्धकाळात हेच मौन ते चौकात आणतात. रीत साधी आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. बहुधा सरकारी कचेरीसमोर किंवा लष्करी ठाण्याच्या फाटकासमोर. घोषणा नाहीत. एखादा फलक असतो. कोण उभे आहे व कशासाठी, एवढाच त्यावर मजकूर. कोणी शिवी दिली तर उत्तर द्यावयाचे नाही. कोणी विचारले तर हळू आवाजात सांगावयाचे. वेळ संपली की निघून जावयाचे आणि पुढच्या आठवड्यास परत यावयाचे. माझ्या मते याचे बळ मौनात जितके आहे त्याहून अधिक या परत येण्यात आहे.

आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले पलटणीत आहेत. त्यांच्या आईबापांच्या मनात येईल की, हा आमच्या मुलांचा अपमान नव्हे काय? व्हिएतनामचे युद्ध चालू असता १९६९ साली ‘ए क्वेकर अॅक्शन ग्रूप’ या गटाचे लोक वॉशिंग्टन येथे संसदभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले व त्या युद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची नावे वाचू लागले. केवळ नावे. त्याबद्दल त्यांना अटक झाली. पुढे संसदेचे काही सभासदच तेथे येऊन नावे वाचू लागले. मेलेल्या शिपायाचे नाव भर दुपारी मोठ्याने उच्चारणे यास अपमान कोण म्हणेल?

याच गटाने दुसरी झुंज न्यायालयात दिली. अध्यक्षांच्या निवासस्थानापुढील पदपथावर १०० आणि समोरच्या लाफाएट उद्यानात ५०० यांहून अधिक निदर्शकांनी जमू नये, असा सरकारचा नियम होता; कारण सुरक्षिततेचे. ते अगदीच खोटे नव्हते, कारण १९६३ मध्ये एका अध्यक्षाचा खून झालेला होता. १९७५ साली अपील न्यायालयाने ही मर्यादा अनुक्रमे ७५० व ३००० अशी ठरविली. मर्यादा असावी हे न्यायालयास मान्य होते. ती इतकी तोकडी असावी हे नव्हते. मात्र निकाल लागला त्याच वर्षी युद्ध संपले. न्यायाची चाल अशी असते.

आता आपला प्रश्न. आपण क्वेकर नव्हे. बाबासाहेबांनी अहिंसा तत्त्व म्हणून मांडली, आंधळा नियम म्हणून नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. म्हणून शिपायाचा धर्म हीन, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण त्यांनी दिले, तेही विसरू नये. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्यसंघाने कोलियांशी युद्ध करण्याचे ठरविले. सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. तेव्हा कुटुंबावर बहिष्कार घालण्याचे व जमीन जप्त करण्याचे भय त्यास दाखविण्यात आले. बहिष्कार! हा शब्द आपल्या वाडवडिलांनी कोशात वाचलेला नाही. घरच्यांवर ते संकट येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. युद्धास मात्र होकार दिला नाही.

आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने निःशस्त्र व शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. परंतु युद्ध किंवा परचक्र यांमुळे आणीबाणी जाहीर झाली, तर ३५८ व्या अनुच्छेदामुळे या हक्काचे कवच गळून पडते. १९६२ च्या ऑक्टोबरात चिनी आक्रमणाच्या वेळी जाहीर झालेली आणीबाणी १९६८ च्या जानेवारीपर्यंत उठली नाही. लढाई मात्र महिन्याभरात थांबली होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काहीशी आवळली आहे, रद्द केलेली नाही. उलट १९९९ साली कारगिलच्या वेळी आणीबाणी जाहीर झालीच नाही. तेव्हा उभे राहण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: आणीबाणी जाहीर आहे काय, आणि त्या भागात जमावबंदीचा हुकूम लागू आहे काय. नसल्यास पोलीस ठाण्यात जागा, वेळ व अंदाजे संख्या लिहून अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नकार आल्यास तो लेखी मागावा. अशा अर्जाचा मसुदा मी आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांस हवा असेल त्यांनी तो न्यावा.

जयभीम.