मुकें झालेलें ध्वनिमुद्रणयंत्र

आजीच्या तोंडच्या ओव्या, एखाद्या वृद्ध गवयाची बैठक किंवा वडिलधाऱ्यांनीं सांगितलेल्या जुन्या आठवणी टिपून ठेवण्यासाठीं पुष्कळ हौशी मंडळी तळहाताएवढें डिजिटल ध्वनिमुद्रणयंत्र बाळगतात. एखादे दिवशीं कळ सरकवावी आणि यंत्रानें दाद देऊं नये, असा प्रसंग येतो. अशा वेळीं माणूस घाबरतो व नको तें बटण दाबून बसतो. यंत्र पुन्हां विकत मिळतें. गेलेला आवाज मात्र मिळत नाहीं. म्हणून आधीं आवाज सांभाळावा व मग यंत्राकडे पाहावें, हा या दुरुस्तीचा पहिला नियम होय.

हें यंत्र दिसावयास लहान असलें तरी तो एक संगणकच आहे. कळ सरकवितांच त्यांतील एक छोटी, कायमची आज्ञावली जागी होते. ती मुख्य आज्ञावलीला, म्हणजे फर्मवेअरला, कामास लावते. आणि फर्मवेअर शेवटीं मेमरी कार्डावरील फायलींची यादी वाचतें. या सर्व क्रमाला ‘बूट होणें’ असें म्हणतात. यंत्र कोणत्या पायरीवर अडलें हें ओळखलें, कीं निम्मी चिकित्सा झाली.

पडदा मुळींच उजळत नसेल तर विजेकडे पाहावें. २००९ सालीं निघालेल्या झूम एच-४ एन या यंत्राला दोन ‘एए’ सेल लागतात. अशा यंत्रांत सेल उलटे तर बसले नाहींत ना, स्प्रिंगवर पांढरी भुकटी तर सांचली नाहीं ना, हें तपासावें. ही भुकटी गळलेल्या अल्कलाइन सेलची असते. व्हिनेगरमध्यें किंवा लिंबाच्या रसांत किंचित् भिजविलेल्या कापसानें ती पुसावी व जागा पूर्ण कोरडी करावी. पडदा क्षणभर उजळून मावळत असेल, तर बहुधा सेल थकलेले असतात. मीटरवर १.४ व्होल्ट दाखविणारा सेलही यंत्र जागें होतांना भार पडतांच कोसळूं शकतो. म्हणून मीटरवर विसंबून न राहतां दोन्ही सेल नवे घालावे.

कंपनीचें नांव पडद्यावर येऊन यंत्र तेथेंच थबकलें, तर संशय कार्डाचा घ्यावा. कार्ड भरलेलें असेल तर यादी वाचण्यास वेळ लागतो. म्हणून दोन-तीन मिनिटें धीर धरावा. तरीही यंत्र हललें नाहीं, तर तें बंद करून कार्ड काढावें व कार्डाविना सुरू करून पाहावें. सुरू झालें तर दोष कार्डाचा. कित्येकदां कार्ड बिघडलेलें नसून यंत्राला न पेलणारें असतें; एच-४ एन ३२ गीगाबाइटपर्यंतचींच कार्डें स्वीकारतें.

खरा धोका येथेंच आहे. कार्ड वाचतां आलें नाहीं, कीं कांहीं यंत्रें ‘फॉरमॅट करूं काय?’ असें विचारतात. उत्तर ‘नाहीं’ हेंच द्यावें. फॉरमॅट केल्यानें यादी पुसली जाते. आवाज बहुधा कार्डावर राहतो, परंतु त्यावर नवें मुद्रण पडलें कीं तो कायमचा जातो. कार्डाच्या कडेची खिट्टी ‘लॉक’कडे सरकवून तें संगणकांत घालावें आणि सर्व फायलींची प्रत काढून घ्यावी. मुद्रण चालू असतांनाच सेल संपले असतील, तर फाईल शून्य लांबीची दिसूं शकते. कारण मुद्रण थांबवितांनाच यंत्र फायलीच्या आरंभीं तिची अंतिम लांबी नोंदवितें. अशी फाईल रिकामी समजून पुसूं नये. तिच्यांतील आवाज परत मिळवून देणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत.

नव्या सेलवर आणि कार्डाविनाही यंत्र अडत असेल, तर फर्मवेअर बिघडलें असण्याचा संभव आहे. तें बदलत असतां मध्येंच वीज गेली म्हणजे असें होतें. उत्पादकानें दिलेली फाईल दुसऱ्या, रिकाम्या कार्डावर घालावी आणि पुस्तिकेंत सांगितलेल्या रीतीनें ती पुन्हां भरावी. तेंही न साधल्यास यंत्र खुशाल कारागिराकडे द्यावें. मुद्रणाचें कार्ड मात्र घरींच ठेवावें.