पुरासाठी, विहिरीसाठी दोर घेताना

विहिरीचा दोर, बैलाचा कासरा, म्हशीचं दावं, वाळवणाची दोरी. दोराशिवाय आपला दिवस जात नाही. पण वेळ आली तर माणसाच्या हाती देता येईल, असा एक तरी दोर घरात आहे का? २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीचं पाणी हसनाळ, रावणगावात शिरलं. अशा वेळी दोर शोधत बसायला सवड नसते.

बाजारात चकचकीत दिसेल त्या दोराला आपण नायलॉनच म्हणतो. घरी एक सोपी पारख करा. दोराचा बोटभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका आणि दाबून त्यातली हवा काढा. तळाशी गेला तर तो नायलॉन किंवा पॉलिस्टर. तरंगला तर तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन मजबूत असतो, हिसका बसला की थोडा ताणतो, म्हणून चटकन तुटत नाही. पण तो पाण्यात बुडतो. पुरात माणसाला दोर दिसला पाहिजे, हाती लागला पाहिजे. त्यासाठी तरंगणारा, भडक रंगाचा दोर बरा. मात्र हा दोर उन्हात लवकर कडक होतो आणि त्याची कुसळं निघतात. तसा झाला की तो बाद समजा.

हल्ली मुलं पॅराकॉर्ड नावाची बारीक दोरी मागवतात. ती मूळची पॅराशूटची. जाडी सुमारे ४ मिलिमीटर, आत सात-नऊ पेड, वर विणलेलं आवरण. चांगल्या प्रतीची असेल तर साधारण २५० किलोला तुटते. पण हा आकडा नव्या, सरळ दोरीचा. गाठ मारली की ताकद निम्म्यावर येऊ शकते. शिवाय इतकी बारीक दोरी ओढताना हात कापतो. ताडपत्री बांधायला ती छान, माणूस ओढायला नाही. त्यासाठी बोटाएवढा, १२ मिलिमीटरचा दोर घ्या.

दोर टाकताना त्याच्या टोकाला तळाशी थोडंसं पाणी ठेवून झाकण घट्ट लावलेला कॅन बांधा, म्हणजे तो लांब जातो आणि बुडणाऱ्याला आधारही होतो. माणसासाठी सरकफास कधीच नको, तो छातीला आवळतो. दोर स्वतःच्या कमरेला किंवा हाताला गुंडाळू नका, धार तुम्हालाही ओढून नेईल. जुन्या विहिरीत कोणी बेशुद्ध पडलं, तर मागोमाग उतरू नका. आत विषारी वायू असू शकतो. आधी ११२ ला फोन करा.

बचत गटाने मिळून २० मीटरचा एक दोर घ्यावा. तो सावलीत, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी टांगावा. त्याला जनावर बांधायचं नाही, सरपणाचा भाराही नाही. आणि पावसाळ्याआधी एकदा सगळ्याजणींनी तो फेकून पाहावा. दोर चांगला असला तरी फेकणारा हात सरावाचा लागतो.