सुखरूप पोचणे
(वार्षिक पारितोषिक समारंभातील भाषण)



अशा समारंभात वक्त्याने अभ्यासावर बोलावे असा शिरस्ता आहे. परंतु अभ्यासाविषयी आपले शिक्षक वर्षभर सांगतच असतात. सुट्टी तोंडावर आली आहे, घरोघर गावी जाण्याचे बेत चालले असतील, म्हणून मी आज सहकुटुंब मोटारप्रवासावर चार शब्द बोलणार आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतील काही मुले हसली. हसा, पण ऐका.

माणसाच्या आयुष्याचा भरवसा नाही, असे आपण मयतीच्या घरी बसून म्हणतो आणि उंबरठा ओलांडताच विसरतो. मोटारीत मात्र हीच गोष्ट साध्या गणिताने मांडता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. चालकाला चार सेकंद डुलकी लागली तर जवळजवळ ९० मीटर रस्ता गाडी एकटीच कापते. त्या वेळी तिला कोणी वाली नसतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दर तासाला एकोणीस.

मागे एका मे महिन्यात संगमेश्वरकडे आमच्या भाचीचा निकाह होता. दुकान बंद करून मुंबईहून रात्री अकराला निघालो. भाड्याची गाडी, आम्ही आठ माणसे, शिवाय सामान व खाऊचे डबे. वडखळपर्यंत मुलांचा गलबला चालू होता. माणगाव मागे पडले तोवर सगळे झोपले. जागी होती फक्त माझी अम्मा. महाड जवळ आले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, गाडी बाजूला घे. हा पोरगा तिसऱ्यांदा डोळे चोळतोय."

घरात यावर बरीच कुरकुर झाली. निकाहला उशीर होईल, पुढे कशेडीचा घाट आहे, पाहुणे काय म्हणतील, एक ना दोन. चालकही म्हणाला, "नाही आजी, मला सवय आहे." अम्मा एवढेच म्हणाली, "निकाह आपल्यावाचून होईल." तिने त्याला स्वतःची चादर दिली. तो फजरच्या अजानपर्यंत झोपला.

पुढे सावित्री नदी होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री भर पुरात तिच्यावरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल वाहून गेला आणि मुंबईकडे येणाऱ्या दोन एस. टी. बसगाड्या अंधारात नदीत गेल्या. त्या गाड्यांतील लोकांनीही घरी 'सकाळी पोचतो' असेच सांगितले असेल. नवा पूल २०१७ च्या जून महिन्यात खुला झाला. आम्ही त्यावरून उजाडल्यावर गेलो. पूल पडणे चालकाच्या हाती नव्हते, झोप आमच्या हाती होती. अम्माला हा फरक कोणत्या शाळेने शिकवला नव्हता.

निकाह आम्हाला चुकला. दोन तास उशिरा पोचलो आणि नातेवाइकांनी बोलून घेतले. भगिनींनो, न घडलेल्या अपघाताबद्दल कोणी शाबासकी देत नाही. म्हणूनच थांबा म्हणणाऱ्याला घरात थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

पट्ट्याविषयीही सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघे, ज्यांनी पट्टे लावले नव्हते, ते गेले. गाडी थांबली तरी आतले शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते, हे विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचलेले आहे. आईच्या मांडीवरचे मूल त्या धक्क्यात तिच्या हातात राहत नाही, मग माया कितीही असो.

आता पालकांसाठी थोडे कोरडे बोलणे. अपघात दिसला तर पोलीस त्रास देतील म्हणून पुढे निघून जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक पोरांना पाठ असू द्या. घरच्या कर्त्या माणसाचे विम्याचे, बँकेचे कागद कोठे आहेत ते पत्नीला ठाऊक पाहिजे. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यास २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे, आणि शोकात असलेल्या घरात सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

हे मी का सांगतो? शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याच्या कामात मी काही वर्षे बसलो आहे. एका मुलीने 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात 'ट्रक चालक' लिहून ते खोडले होते व खाली लिहिले होते 'आई, शिवणकाम'. गुण चांगले होते. वडील गेल्यावर वर्षभर ती शाळेत आली नव्हती, कारण धाकट्या दोघांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. त्या वर्षी आम्ही तिची फी भरली. बुडालेले वर्ष भरून देण्याची सोय कोणत्याही संस्थेकडे नाही. ती पुढे बारावी झाली, आणि आज इथल्या पहिल्या रांगेत बसलेल्या एका मुलाची ती मोठी बहीण आहे.