जुना ट्रॅक्टर आणि गवतकापणीचे यंत्र

आमच्या अहिल्यानगरकडच्या घरच्या शेतीवर एक ट्रॅक्टर आहे. पस्तीस अश्वशक्तीचा, वयाने माझ्याहून वडील. वडिलांनी तो घेतला तेव्हा गावातील मुले त्याच्यामागे धावत, असे घरी सांगतात. आज वडील नाहीत. ट्रॅक्टर आहे, आणि थोरले बंधू तो अजून चालवितात. दोन वर्षांपूर्वी गवत कापण्यासाठी माणसे मिळेनात, म्हणून बंधूंनी तालुक्याच्या गावाहून सहा फुटी स्लॅशर आणला. दुकानदाराने ट्रॅक्टरची अश्वशक्ती विचारली, किंमत सांगितली आणि व्यवहार पुरा झाला.

पहिल्याच दिवशी आंब्याच्या बागेत, विहिरीजवळच्या वळणावर बंधूंनी क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबावयास हवा होता. तो पुढेच निघाला. ब्रेकवर सारा भार टाकल्यावर विहिरीच्या काठापासून चारपाच हातांवर तो उभा राहिला. संध्याकाळी फोनवर ते एवढेच म्हणाले, “अरे, क्लच दाबला तरी मागून कोणी ढकलावे तसा तो चालतच राहिला.” त्यांचे हे वर्णन अक्षरशः खरे होते. मागून ढकलणारा तो स्लॅशरच होता.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे फिरणारा जो दंड असतो, त्याला आपले शेतकरी पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत या दंडाला आणि चाकांना एकाच क्लचमधून, एकाच गिअरबॉक्समधून गती मिळते. क्लच दाबला की इंजिन सुटते. पण चाके आणि पीटीओ एकमेकांशी जोडलेलीच राहतात. स्लॅशरची जड पाती वेगाने फिरत असतात. त्यांचा वेग तत्काळ ओसरत नाही, आणि तोच वेग उलट वाटेने गिअरबॉक्समध्ये शिरून चाके फिरवितो. पुढे आलेल्या दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत पहिल्या टप्प्याला चाके सुटतात आणि पीटीओ फिरत राहतो. तेथे हा धोका उरत नाही. म्हणून जुन्या ट्रॅक्टरासाठी यंत्र घेताना पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, क्लचचा विचारावा.

एकेरी क्लचवर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. सायकलचे पायडल थांबविले तरी मागचे चाक फिरत राहते, ते फ्रीव्हीलमुळे. तसाच एकाच दिशेने शक्ती जाऊ देणारा जोड पीटीओच्या दंडावर बसविता येतो. मात्र त्याने जोडणीची लांबी वाढते. मधला दांडा त्या मानाने आखूड करून घेतला नाही, तर यंत्र उचलताना तो दोन्ही टोकांना दाबला जाऊन मोडतोड होते. शिवाय हा जोड बसविल्यावर ट्रॅक्टर उभा राहिला तरी पाती काही वेळ फिरत राहतात, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न असा की, कापलेल्या गवताचे काय करावयाचे? बागेतील तण जागच्या जागी कुजवावयाचे असेल तर स्लॅशर ठीक. तो काडीचे तुकडे करतो, झुडपेही तोडतो. पण दगड लागला तर गोळीसारखा भिरकावतो. फ्लेल जातीच्या यंत्रात आडव्या रुळावर अनेक लहान पाती टांगलेली असतात. ते गवताचा बारीक चुरा करते व दगड कमी फेकते, परंतु रुंदीच्या मानाने शक्ती अधिक मागते. जनावरांसाठी अख्खा चारा हवा असेल, तर ही दोन्ही यंत्रे निरुपयोगी. लसूणघासाचे तुकडे मातीत मिसळले तर ते गोळा कोणी करावयाचे?

चाऱ्यासाठी दोन मार्ग आहेत. ड्रम मोअरमध्ये फिरत्या ढोलांना छोटी पाती असतात. तो दाट व आडवे पडलेले गवतही झपाट्याने कापतो. पण वजनाने जड आणि शक्तीचा भुकेला. दुसरा मार्ग कात्रीसारख्या सरकत्या पात्याचा. अमेरिकेत ओबेड हसी याने १८३३ साली व सायरस मॅककॉर्मिक याने १८३४ साली कापणीयंत्रांची पेटंटे घेतली, त्या यंत्रांतील सरकत्या पात्याचे तत्त्व आजही तेच आहे. हे यंत्र काडी बुडाशी स्वच्छ कापते, अगदी थोड्या शक्तीवर चालते, आणि त्यात जड फिरता भाग फारसा नसल्यामुळे ट्रॅक्टरला ढकलतही नाही. पाती वरचेवर पाजळावी लागतात आणि दगडाने दाते मोडतात, हा त्याचा दोष.

तिसरा प्रश्न शक्तीचा. ट्रॅक्टरवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओपर्यंत ती सगळी पोहोचत नाही, आणि झिजलेल्या इंजिनात आणखी घट होते. आमच्या पस्तीसांतून पंचवीस-अठ्ठावीस उरले तरी समाधान मानावे. स्लॅशरला रुंदीच्या दर फुटामागे सुमारे ५ अश्वशक्ती धरण्याचा ठोकताळा आहे. म्हणजे सहा फुटांना ३० हवी. बंधूंचे यंत्र येथेच अडले होते. पाच फुटी पुरेसे झाले असते. पाच फुटी यंत्राच्या बाहेर मागची चाके थोडी डोकावतात, म्हणून ते एका बाजूस सरकवून बसवावे आणि कापलेल्या बाजूवरून एक चाक चालवावे.

चौथा प्रश्न वजनाचा. यंत्र पाठीमागच्या तीन दांड्यांवर उचलण्याची रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने रूढ केली. तिने ट्रॅक्टरला हात फुटले असे म्हणता येईल. पण त्या हातांत जड ओझे दिले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजने लावावीत किंवा हलके यंत्र घ्यावे.

आणि शेवटचा, परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माणसाचा. सेकंदाला ९ फेरे घेणाऱ्या दांड्यात धोतराचा सोगा, उपरणे किंवा साडीचा पदर सापडला तर हात आखडून घेण्यासही अवधी मिळत नाही. दांड्यावर आवरण नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घरी आणू नये. चालू यंत्राजवळ मुलांना फिरकू देऊ नये, आणि पात्यात अडकलेले गवत इंजिन बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावरच काढावे.

सरकारी कचेरीत आम्ही सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारतो, पण त्याआधी ती वस्तू कामास योग्य आहे असा शेरा असावा लागतो. घरच्या खरेदीत हा शेरा लिहिण्यास आपण विसरतो. बंधूंनी अखेर स्लॅशर परत केला. घासासाठी सरकत्या पात्याचे पाच फुटी यंत्र घेतले. बागेसाठी वर्षातून दोनदा दुहेरी क्लचचा ट्रॅक्टर स्लॅशरसह भाड्याने आणतात.

“हा विकून नवा घ्या,” असा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. बंधूंनी तो ऐकला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा पहाटेच घास कापणे चालले होते. विहिरीजवळच्या वळणावर बंधूंनी क्लच दाबला, आणि वडिलांचा ट्रॅक्टर आज्ञाधारकपणे जागच्या जागी उभा राहिला.